'आपण' म्हणजे कोण, हे आधी ठरवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या ताईंनी पुण्यात बी.एड. केलं, ऑस्ट्रेलियात येऊन प्रशिक्षकाचं सर्टिफिकेट घेतलं, आणि आता नॉर्दर्न टेरिटरीतल्या एका दूरच्या वस्तीवर त्यांना ॲबोरिजिनल, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवासी, प्रौढांसाठी लेखन-वाचन-हिशेबाचा सहा आठवड्यांचा वर्ग उभा करायचाय. वर्कशीट तयार आहेत, त्यांवर कांगारू, बूमरँग आणि ठिपक्यांची नक्षी घातलीय. त्या विचारतात: अभ्यासक्रम त्यांच्या संस्कृतीशी जोडलेला व्हावा म्हणून अजून काय घालू? हजेरी टिकेल का? आणि मी भारतीय, मला ते स्वीकारतील का?

मी आधी विदर्भात प्रौढ साक्षरतेचे वर्ग घेतले. मग नवऱ्याच्या नोकरीमागे नॉर्दर्न टेरिटरीतल्याच ॲलिस स्प्रिंग्ज या वाळवंटी गावाला आले आणि पुढची चौदा वर्षं त्या भागातल्या वस्त्यांवर शिकवलं. तेवढ्या अनुभवावर लिहितेय. तुमची वस्ती वेगळी असेल, तिथली माणसं सांगतील ते माझ्यापेक्षा खरं माना.

कांगारूपासून सुरू करू. तो काढा. बूमरँगही काढा. ठिपके तर सगळ्यात आधी काढा. १९७१ मध्ये पापुन्या नावाच्या वस्तीत तिथल्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधमुंगीच्या स्वप्नकथेचं (पूर्वजांनी जग घडवल्याच्या पवित्र कथेचं) मोठं चित्र काढलं आणि तिथून वाळवंटातली ही चित्रकला जगभर गेली. (ती भिंत पुढे देखभालीच्या कामात सरळ रंगवून टाकली.) त्या सुरुवातीच्या चित्रांवरून वस्त्यांमध्ये भांडणं झाली, कारण सगळ्यांनी पाहू नयेत अशा काही खुणा त्यात आल्या होत्या. प्रत्येक नक्षीला धनी असतो. ती कोणी काढायची, कोणी पाहायची, याचे नियम असतात. इंटरनेटवरून ठिपके उतरवून वर्कशीटची किनार करणं म्हणजे कुणाच्या देवघरातला टाक उचलून पेपरवेट म्हणून वापरणं. समोरचे काही बोलणार नाहीत. दुसऱ्या दिवशी येणार नाहीत, एवढंच.

संस्कृती चित्रात नसते असं मी म्हणत नाही, पण तुमच्या वर्गात ती दिसेल दुसरीकडेच: कोण कुणाशेजारी बसतं, कोण कुणाचं नाव घेत नाही, कोण आधी बोललं की मग बाकीचे बोलतात, वर्ग कधी बंद राहतो, आणि शेवटी 'पास' कोण ठरवतं. म्हणजे वर्कशीट पुष्कळ नंतरची गोष्ट.

आता एक गंमत सांगते, जी आपल्याला इंग्रजी बोलणाऱ्या शिक्षकांपेक्षा लवकर कळते. वार्लपिरी या तिथल्या वाळवंटातल्या भाषेत 'ङालिपा' म्हणजे ऐकणाऱ्याला धरून आपण सगळे, आणि 'ङानिम्पा' म्हणजे ऐकणाऱ्याला वगळून आम्ही. (तो सुरुवातीचा ङ म्हणायला मला महिना लागला. बाराखडीत इतकी वर्षं नुसता शोभेला पाठ केला होता.) मराठीतही 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेतच. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द. त्यामुळे प्रशिक्षण संस्थेच्या कागदावर जेव्हा लिहिलेलं असतं की हा अभ्यासक्रम अमुक लोकांच्या सहभागाने आम्ही विकसित करू, तेव्हा त्या 'आम्ही'त कोण बसलंय हे इंग्रजीत लपून जातं. तुम्ही मराठीत विचार करा. तुमच्या आराखड्यातलं प्रत्येक वाक्य 'आपण ठरवलं' आहे की 'आम्ही ठरवलं' आहे, हे पेन्सिलने लिहून पाहा. माझ्या पहिल्या आराखड्यात एकही 'आपण' निघालं नव्हतं.

ते 'आपण' आणायचं कसं? सहा आठवड्यांपैकी निदान पहिला आठवडा, शक्य असेल तर त्याच्याही आधीचे काही दिवस, वर्ग घेऊ नका. जा, बसा. दवाखान्यात, आर्ट सेंटरमध्ये, रेंजरच्या (जमिनीची निगा राखणाऱ्या वस्तीतल्याच लोकांच्या) शेडमध्ये, दुकानाबाहेरच्या सावलीत. त्या जागेबद्दल बोलायचा अधिकार कुणाचा आहे ते विचारा. पदावर असलेला माणूस आणि अधिकार असलेला माणूस एकच असेल असं नाही. आपल्या गावात सरपंच आणि ज्याचा शब्द चालतो तो, हे कधी कधी दोघे असतात तसंच. मग वस्तीतलीच एक बाई आणि एक पुरुष सहशिक्षक म्हणून घ्या. दोघं यासाठी की बायकांचे विषय आणि पुरुषांचे विषय तिथे खरोखर वेगळे असतात. आणि त्यांना पगार द्या. चहापाण्याचं पाकीट नको, तुमच्या तासाचा जो दर तोच त्यांचा. बजेटमध्ये 'सांस्कृतिक सल्लागार' अशी ओळ आणि तिच्यापुढे किरकोळ मानधन दिसलं, तर ज्याच्याकडून तुम्ही सगळं शिकणार आहात त्याला वर्गात सगळ्यात कमी पैसे मिळतायत, हे वर्गात बसलेला प्रत्येक जण ओळखतो.

या कल्पनेला तिथे 'दोन्ही वाटा' किंवा 'दुहेरी' शिक्षण म्हणतात. डार्विनच्या दक्षिणेला सुमारे शंभर किलोमीटरवर बॅचलर इन्स्टिट्यूट आहे, ती ॲबोरिजिनल शिक्षक-सहायकांच्या प्रशिक्षणातून उभी राहिली आणि तिने ही 'दोन्ही वाटा' कल्पना कामाचा पायाच केली. उत्तर किनाऱ्यावरच्या आर्न्हम लँडमधले योलंगू लोक त्यासाठी 'गन्मा' ही प्रतिमा वापरतात: नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी जिथे भेटतात ती जागा. दोन्ही पाणी मिसळतात, वर फेस येतो, पण कोणतंच पाणी दुसऱ्याला गिळत नाही. कोकणात खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको.

प्रौढ माणूस वर्गात येताना आधीची शाळा सोबत घेऊन येतो. न्यू साउथ वेल्स राज्यात ॲबोरिजिनल मूल शाळेत नको म्हणून इतर पालकांनी तक्रार केली की त्याला बाहेर काढता येत असे, आणि हा अधिकार मुख्याध्यापकांच्या नियमपुस्तिकेतून गेला तो थेट १९७२ मध्ये. त्याच काळापर्यंत मुलं आईबापांपासून तोडून नेण्याचं धोरण चाललं. त्याबद्दल संसदेत माफी मागितली गेली ती १३ फेब्रुवारी २००८ ला. नॉर्दर्न टेरिटरीत १९७३ पासून काही शाळांत द्विभाषिक शिक्षण होतं, तर २००८ मध्ये आदेश आला की रोजचे पहिले चार तास इंग्रजीच. तुमच्या वर्गातली पन्नाशीची बाई यातलं काही स्वतः सोसून आलेली असू शकते. म्हणून शाळेच्या इमारतीत, लहान मुलांच्या बुटक्या बाकांवर वर्ग भरवू नका. माझा सगळ्यात बरा चाललेला वर्ग एका बंद पडलेल्या गॅरेजच्या व्हरांड्यात होता.

गॅरेज बरं चाललं त्याचं अजून एक कारण म्हणजे त्याला दोन दारं होती. माझ्या दुसऱ्याच महिन्यात एक तरुण मस्त शिकत होता. बोटांची पेरं मोजत बिलाची बेरीज करत होता. दारातून एक बाई आत आली आणि हा खुर्ची मागे ढकलून, मान वळवून, खिडकीतून बाहेर. खिडकीतून! मी रजिस्टरमध्ये लिहिलं: 'लक्ष नाही, मध्येच उठून गेला.' ती त्याची सासू होती, नात्याने सासूच्या जागी असलेली. जावयाने आणि सासूने समोरासमोर यायचं नाही, एकमेकांशी बोलायचं नाही, एका खोलीत बसायचं नाही. त्याने जे केलं ते अदबीचं टोक होतं, आणि मी त्याला बेशिस्त लिहून मोकळी झाले. माझ्या त्या वेळच्या संस्थेच्या फॉर्मवर 'सासू आली' असा रकाना नव्हताच. तेव्हापासून मी वर्गाची जागा बघताना पहिल्यांदा दारं मोजते, आणि गट पाडायचं काम सहशिक्षिकेवर सोडते. कोण कुणाबरोबर बसू शकतं हे तिला झोपेतही माहीत असतं. तुम्ही 'एक-दोन-तीन, एक-दोन-तीन' करत गट पाडलेत तर पंचाईत ठरलेली.

तसंच नावाचं. एके सोमवारी मी नेहमीप्रमाणे मोठ्याने हजेरी घ्यायला लागले आणि चौथ्या नावावर खोली गोठली. कुणी वर बघेना. सहशिक्षिका उठली, माझ्या हातातलं पेन घेतलं, त्या नावावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं 'कुमंजयी'. शनिवारी शेजारच्या वस्तीत त्याच नावाचा माणूस गेला होता. गेलेल्याचं नाव घ्यायचं नसतं, आणि त्या नावाच्या जिवंत माणसालाही मग काही काळ, कधी कितीतरी वर्षं, कुमंजयी म्हणतात. माझी आजी रेशनच्या दुकानात आजोबांचं नाव सांगायची वेळ आली की शेजारणीला पुढे करायची. ते आठवलं आणि कान गरम झाले. मला हे कळायला हरकत नव्हती. व्यवहारात याचा अर्थ असा: हजेरी मोठ्याने नको, सही करायचा कागद फिरवा. भिंतीवर फोटो लावलेत तर कोणता कधी उतरवायचा हे रोज सकाळी विचारा. आणि छापील पुस्तिकेत माणसांचे फोटो घालू नका. एक माणूस गेला की सगळी पुस्तिका कपाटात जाते.

'समजलं का?' हा प्रश्न टाळा. उत्तर 'हो' येईल. 'नाही समजलं ना?' विचारा, तरी 'हो' येईल. आपण हो ला हो म्हणतो तसंच हे, भिडेखातर, समोरच्याचा मान राखून संकट टाळायला. भाषाशास्त्रज्ञांनी कोर्टातल्या साक्षींवरून याचा बारकाईने अभ्यास केलाय. १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीच्या सुप्रीम कोर्टाने एका खटल्यात, ज्याला 'अनुंगा' म्हणतात, पोलिसांना नियमच घालून दिले: दुभाषी द्या, धीर देणारं ओळखीचं माणूस सोबत असू द्या, आणि सांगितलेलं कळलं का असं न विचारता, त्याच्या शब्दांत परत सांगायला लावा. पोलीस चौकीसाठी लिहिलेले हे नियम प्रौढ वर्गाच्या परीक्षेला जवळजवळ जसेच्या तसे लागू पडतात. मी आजही नवीन प्रशिक्षकांना आधी तेच वाचायला लावते.

प्रश्न विचारला की थांबा. आपल्याला तीन सेकंद शांतता सोसत नाही, लगेच प्रश्न सोपा करून पुन्हा विचारतो. डेली नदीकाठच्या नौइयूच्या मिरियम-रोज उंगुनमर-बाउमन यांनी 'दादिरी' हा शब्द ऑस्ट्रेलियाला शिकवला: आतून, घाई न करता ऐकणं. पित्जंत्जत्जारा या वाळवंटातल्या भाषेत 'कुलिनी' म्हणजे ऐकणं, आणि विचार करणंही, आणि ठरवणंही. मराठीत 'तो माझं ऐकत नाही' म्हणजे त्याला ऐकू येत नाही असं नाही, तो मानत नाही. आपलं ऐकणं आज्ञेकडे झुकतं, त्यांचं विचाराकडे. वर्ग गप्प बसला की मी स्वतःला बजावत असे, कुलिनी चालू आहे. मात्र कधी कधी ते खरंच ऐकू न येणंही असतं. लहानपणीच्या कानाच्या संसर्गामुळे दूरच्या वस्त्यांवर बहिरेपण फार पसरलेलं आहे, मोठ्या माणसांतही. पत्र्याचं छप्पर, सिमेंटच्या भिंती आणि घरघरता एसी यांत निम्मं बोलणं हरवतं. एसी बंद करा, बाहेर बसा, गोल बसा, उजेड तुमच्या तोंडावर पडू द्या. मी पुढे संस्थेच्या मागे लागून एक छोटा स्पीकर आणि कॉलर माइक मिळवला. कोणत्याही 'सांस्कृतिक' साहित्यापेक्षा त्याने जास्त काम केलं.

शिकवायचं काय, याचं उत्तर वस्तीत पडलेलं असतं. तिथल्या घरांना विजेचं प्रीपेड मीटर असतं, त्यात पैसे भरावे लागतात, संपले की घर अंधारात. पहिल्या दिवशी मी अपूर्णांक काढले तेव्हा सगळे जमिनीकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी सहशिक्षिकेने विचारलं, "वीस डॉलर भरले, थंडी आहे, हीटर चालू आहे, बहिणीची मुलं राहायला आलीत. कधीपर्यंत पुरेल?" एक म्हातारी हसून म्हणाली, उद्या दुपारपर्यंत, आणि मुलांनी गरम पाणी वापरलं तर सकाळीच. मग वाद. मग कागद. बायकांनी आठवडाभर मीटर वाचून आकडे टिपले आणि शुक्रवारी आमचा पहिला आलेख निघाला. दरडोई, सरासरी, अंदाज, सगळं त्यात होतं. मी शिकवलं ते फक्त लिहून ठेवायचं कसं.

हिशेब म्हटलं की 'यांच्या भाषेत मोठे अंक नाहीत' असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. त्या सांगणाऱ्याला आर्न्हम लँडमधल्या यिर्काला वस्तीच्या शाळेबद्दल सांगा. तिथल्या योलंगू शिक्षकांनी गणिताचा पायाच नातेव्यवस्थेवर, त्यांच्या 'गुरुटू'वर, मांडून पाहिला. दहा अंकांवर आपण वाटेल तेवढी संख्या लिहितो, तसं गुरुटूच्या मोजक्या शब्दांत कितीही लांबच्या माणसाचं, जागेचं, प्राण्याचंही नातं नेमकं सांगता येतं. नियम लावत जा, रचना वाढत जाते. हे अमूर्त गणित नाही तर काय?

बाकी विषय: ड्रायव्हिंग लायसन्सची लेखी परीक्षा (लायसन्सशिवाय गाडी, मग दंड, मग तुरुंग ही साखळी तिथे खरी आहे), सेंटरलिंकची (सरकारी भत्ते देणाऱ्या कचेरीची) पत्रं, औषधाच्या पाकिटावरचा मजकूर, किडनीचे रिपोर्ट. डायलिसिसचा विषय काढला की झोपलेला वर्ग जागा होतो. ज्यांच्या चित्रांच्या लिलावातून २००० मध्ये दहा लाख डॉलरच्या वर रक्कम उभी राहून किंटोर या दूरच्या वस्तीला डायलिसिस आणायची सुरुवात झाली, ते याच वाळवंटातले चित्रकार. रेंजर लोकांबरोबर काम असेल तर तुमचं नशीब. पाणवठ्याची नोंद, जाळलेल्या गवताचा नकाशा, फवारणीच्या औषधाचं प्रमाण, सगळं लेखन-वाचन कामातूनच येतं.

भाषेबद्दल थोडं. कॅथरीन गावाच्या बाजूला असाल तर लोक क्रिओल, म्हणजे इंग्रजी शब्दांतून तिथेच घडलेली भाषा, बोलतील. ऐकायला मोडक्या इंग्रजीसारखी वाटेल. तसं म्हणू नका, मनातही नको. त्या भाषेला स्वतःचं व्याकरण आहे, संपूर्ण बायबल आहे, आणि आपण-आम्हीचा फरकही आहे: 'यूनमी' म्हणजे तू नि मी, 'मेलाबत' म्हणजे तुला सोडून आम्ही. आपल्याकडे वऱ्हाडी, मालवणी बोलणाऱ्या पोराला 'शुद्ध बोल' म्हणून गप्प केलेलं मी पाहिलंय, माझं स्वतःचं वऱ्हाडी तसंच गेलं. चर्चा त्यांच्या भाषेत होऊ द्या, तुम्हाला कळली नाही तरी. इंग्रजी हवं तिथे इंग्रजी.

इंटरनेटवर तुम्हाला न्यू साउथ वेल्समधली 'आठ वाटा' ही मांडणी सापडेल: गोष्ट, नकाशा, शब्दाविना शिकणं, खुणा, जमीन वगैरे. चांगली आहे, वाचा. पण आठ रकान्यांचा तक्ता करून प्रत्येक धड्यात टिकमार्क करत बसू नका. 'हे लोक बघूनच शिकतात' हेही वाक्य सोडा. असं म्हणणारे मग शब्द शिकवायचेच बंद करतात. न्यू साउथ वेल्समधल्या विल्कॅनियात, बाका म्हणजे डार्लिंग नदीकाठी, २०१२ मध्ये क्यूबाची 'हो, मला येतं' ही साक्षरता मोहीम आणली गेली. त्यात आकड्यांना अक्षरं जोडून शिकवतात, धडे व्हिडिओवर असतात, आणि व्हिडिओतली माणसंसुद्धा तिथली नव्हती. कांगारू शोधून सापडला नसता. तरी ती चालली, तिथून बर्क, ब्रुवॉरिना या गावांकडे गेली. कारण वर्ग घेणारे वस्तीतले होते, घरोघर जाऊन लोकांना आणणारे वस्तीतले होते. क्यूबाहून आलेला सल्लागार मागे बसायचा.

परीक्षा. अभ्यासघटकाच्या (युनिटच्या) कागदावर 'लेखी' असं स्पष्ट नसेल तर लेखी घेऊ नका. निरीक्षण, तोंडी उत्तर, फोनवर काढलेला व्हिडिओ, सुपरवायझरचं निवेदन, हा सगळा पुरावा नियमात बसतो. पुरावा त्या माणसाचा स्वतःचा आणि पुरेसा आहे एवढं दाखवता यायला हवं. मी गटाचं काम गटातच होऊ देत असे आणि नंतर प्रत्येकाबरोबर दहा मिनिटं चालत जाऊन 'हे कसं केलंत, मला सांगा' असं विचारत असे. चालताना माणूस बोलतो, समोर बसवलं की अडतो. एकट्याला सगळ्यांपुढे उभं करून शाबासकीही नको; लाजेने मेल्यासारखं होतं, त्याला ते 'शेम जॉब' म्हणतात. व्हिडिओ आणि सांगितलेल्या गोष्टी कुणाच्या मालकीच्या, हे आधी लिहून घ्या, आणि वर्ग संपला की मूळ प्रत त्यांच्याकडे.

हजेरी पडेल. वस्तीत मृत्यू झाला की सगळं गाव शोकविधीला जातं, आठवडा, दोन, कधी जास्तच. त्यात तुमचं वेळापत्रक बसवायचं नाही, त्याच्याभोवती वेळापत्रक बसवायचं. संस्थेला आधीच सांगा की सहा आठवडे सलग होणार नाहीत, दोन-दोन आठवड्यांच्या तीन फेऱ्या होतील, आणि प्रत्येक फेरीचं स्वतःचं काहीतरी पुरं होईल. माझ्या संस्थेने हे तीनदा नाकारलं. चौथ्यांदा मी सहशिक्षिकेलाच बैठकीला घेऊन गेले. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, तुमच्याकडे कुणी मेलं तर तुम्ही ऑफिसला येता का? मंजूर झालं.

तुम्ही भारतीय असण्याबद्दल: रंगामुळे दार उघडेल असं समजू नका. 'आम्हीही इंग्रजांचे गुलाम होतो' हे भाषण माझं तोंडपाठ होतं, एकदाच दिलं. एका आजोबांनी शांतपणे विचारलं, इंग्रज तुमच्याकडून गेले ना? इथून नाही गेले. आणि आपण आलो आहोत ते त्यांच्याच सरकारच्या व्हिसावर, याच जमिनीवर. आणि मराठी वर्तमानपत्रं सर्रास 'आदिवासी' लिहितात म्हणून मेळघाटचा चष्मा लावून जाऊ नका. तिथल्या लोकांची आपापली नावं आहेत, वार्लपिरी, अर्रन्टे, अनंगू, तीच वापरा. तुम्हाला पहिल्या दिवशी विचारतील, कुठली तू, तुझी माणसं कोण? तेव्हा डिग्री सांगू नका. गाव सांगा, नदी सांगा, आई कुठली, आजी कुठली, कुलदैवत कुठलं ते सांगा. मी वर्धा नदी धाम नदीला मिळते की धाम वर्धेला, यावर अडखळले तेव्हा त्या बायका इतक्या हसल्या, की स्वतःची नदी माहीत नसलेली मास्तरीण म्हणून महिनाभर माझी ओळख तीच होती.

निघण्याआधी घरी फोन करून तेवढं नीट विचारून घ्या.